हस्तचालित गिअरपेटीतील दोषनिदान (स्पोर्ट्स कार)

हस्तचालित गिअरपेटीतील दोषनिदान म्हणजे गिअर अवघड पडणे, पडताना खरखरणे किंवा आपोआप सुटणे या तक्रारींचे मूळ शक्यतो गिअरपेटी न उघडता क्रमाने शोधण्याची पद्धत होय. गिअर बदलण्याच्या क्रियेत तीन घटक सहभागी असतात: क्लच, गिअरदांडा व गिअरपेटी यांना जोडणारी यंत्रणा, आणि प्रत्यक्ष गिअरपेटी. तिन्हींतील बिघाड चालकाच्या हाताला जवळपास सारखाच जाणवतो. त्यामुळे क्लचच्या किरकोळ दोषासाठी गिअरपेटी खाली उतरवली जाण्याची आणि खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

गिअर जुळण्यापूर्वी फिरत्या भागांचा वेग समान करणारी सिंक्रोमेश यंत्रणा कॅडिलॅकने १९२८ मध्ये मोटारींत आणली. हे काम घर्षणाने करणाऱ्या कड्यांना सिंक्रोनायझर कडी म्हणतात. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाच्या चढ्या फेऱ्यांवर झपाट्याने गिअर बदलले जात असल्याने ही कडी लवकर झिजतात. काही स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन आसनांच्या मागे असते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेली अवंती ही अशा रचनेची भारतीय मोटार होय. अशा रचनेत गिअरदांडा गिअरपेटीपासून दूर पडतो. त्यामुळे जोडणाऱ्या केबल व त्यांचे बुश यांची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

निदानाचा क्रम

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून करतात. सपाट जागी हातब्रेक ओढून व चाकांना अडण लावून सर्व गिअर एकेक करून टाकून पाहतात. दाते समोरासमोर आल्याने एखादा गिअर अडल्यास अडण काढून व हातब्रेक सोडून गाडी किंचित ढकलावी आणि ती पुन्हा जखडून चाचणी करावी. त्यानंतर तीच चाचणी इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून करतात.

* इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण सुरू असताना अडतात: क्लच पूर्ण सुटत नाही. द्रवचालित क्लच असल्यास द्रवाची पातळी, गळती, नळीतील हवा आणि मास्टर व स्लेव्ह सिलिंडर तपासावेत.
* दोन्ही वेळा सर्वच गिअर अडतात: जोडयंत्रणेतील केबल, बुश किंवा त्यांची जुळणी प्रथम पाहावी.
* गाडी चालताना एकच गिअर खरखरतो: त्या गिअरचे सिंक्रोनायझर कडे झिजले असण्याची शक्यता असते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबल्यावर, म्हणजेच दुहेरी क्लच वापरल्यावर, गिअर सहज पडला तर ही शंका बळावते.
* गिअर आपोआप सुटतो: दात्यांची झीज, गिअर जागी धरणारी कमकुवत स्प्रिंग किंवा इंजिनाचे सैल आधार ही संभाव्य कारणे आहेत.
* न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबतो: गिअरपेटीतील आत येणाऱ्या दंडाचे बेअरिंग तपासावे. आवाज क्लच दाबल्यावरच येत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग संशयास्पद ठरते.

तेल व हवामान

थंडीत गिअरपेटीचे तेल घट्ट होते. निफाडसारख्या नाशिक जिल्ह्यातील थंड भागात हिवाळ्याच्या पहाटे दुसरा गिअर जड पडला व गाडी तापल्यावर मोकळा झाला, तर केवळ त्यावरून बिघाड मानता येत नाही. तेल मात्र उत्पादकाने सांगितलेल्याच वर्गाचे हवे. जीएल-५ वर्गाच्या काही तेलांतील गंधकयुक्त घटक पितळी कड्यांना अपायकारक ठरू शकतात, तसेच अतिनिसरड्या तेलाने कड्यांचे आवश्यक घर्षण कमी होते.

महत्त्व

नाशिक–मुंबई मार्गावरील कसारा घाटासारख्या उतारावर खालच्या गिअरमुळे इंजिन गाडीला आवर घालते. तेथे गिअर सुटला किंवा पडलाच नाही, तर सर्व भार ब्रेकवर येतो. चुकून फारच खालचा गिअर पडल्यास इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेपलीकडे जाऊन व्हॉल्व्ह निकामी होऊ शकतात. म्हणून गिअर सुटण्याची तक्रार असलेली गाडी दुरुस्तीपूर्वी घाटात नेऊ नये. नाशिक येथील महिंद्राच्या कारखान्यात तयार होणारी थार स्पोर्ट्स कार नसली, तरी तिच्या हस्तचालित प्रकारालाही निदानाचा हाच क्रम लागू पडतो.