लिफ्ट राहिली बाजूला!

रविवारची सकाळ. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत, चहा फिरतो आहे आणि सोसायटीच्या सभेपुढे विषय एकच आहे: पंचवीस वर्षं जुनी लिफ्ट बदलायची का? अशी सभा कुठल्याही शहरात भरते आणि तिथली वाक्यंही थोड्याफार फरकानं तीच असतात. ‘तुमचाच तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय, तुम्ही कसले बोलता?’ ‘हे सेक्रेटरी आल्यापासून पाणीसुद्धा कमी दाबानं येतंय.’ ‘आज लिफ्टला हो म्हटलं तर उद्या गच्ची विकतील!’ अर्ध्या तासात आवाज चढतात. लिफ्ट मात्र चर्चेतून कधीच उतरून गेलेली असते.

यातल्या प्रत्येक वाक्यात तर्काचा एकेक दोष आहे. ॲरिस्टॉटलनं अशा फसव्या युक्तिवादांचे १३ प्रकार नोंदवले. आपल्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांत ५ हेत्वाभास सांगितले आहेत. हेतू म्हणजे पुढे केलेलं कारण. ते कारणासारखं नुसतं दिसत असेल तर हेत्वाभास. याच ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार येतात. खरं काय ते शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं खोडत राहणं ही वितंडा. मराठीतला ‘वितंडवाद’ तिथलाच.

पंडितांनी जे सूत्रांत बांधलं, ते बोलणाऱ्यांनी म्हणींत बांधलं. पाण्याच्या दाबाची तक्रार म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात: कावळा ताडावर येतो आणि त्याच क्षणी ताडफळ पडतं. आधी घडलं म्हणून ते कारण ठरत नाही. पडताळा सोपा आहे. शेजारच्या इमारतीतही दाब कमी झाला असेल तर सेक्रेटरी सुटले. गच्ची विकण्याची भीती म्हणजे सुतावरून स्वर्ग; लिफ्टपासून गच्चीपर्यंतची एकही पायरी बोलणाऱ्यानं दाखवलेली नसते.

पण म्हणींवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ हे ऐकायला बिनतोड वाटतं. बाप परगावी गेला असेल तर? ‘लिफ्ट बदला, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल’ असं बजावणारा सभासद हेच करतो. दोनच दारं उघडी ठेवतो आणि दुरुस्तीचं तिसरं दार गुपचूप लावून घेतो.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच आधणात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचं, गावांचं, लिफ्टच्या कंपन्यांचं तसं नसतं. मेव्हण्याच्या इमारतीतली एक लिफ्ट अडकली, एवढ्यावर अख्खी कंपनी बाद होत नाही.

शब्दांची चलाखी वेगळीच. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात एक गमतीदार उदाहरण आहे. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला मुलगा, असं एक जण म्हणतो. दुसरा ‘नव’चा अर्थ नऊ असा लावून विचारतो, ‘याच्याकडे तर एकच आहे, बाकीच्या आठ कुठं?’ हे वाक्छल. सभेतही ते सापडतं. मेकॅनिक म्हणतो, ‘सध्या चालतेय.’ लगेच कुणीतरी उठतं, ‘चालतेय ना? मग चालू द्या!’

आणि सगळ्यात वजनदार युक्तिवाद: ‘एवढी माणसं काय वेडी आहेत?’ २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो अशी बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. रांगेतली माणसं खोटं बोलत नव्हती. चमच्यातलं दूध खरोखरच कमी होत होतं. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी समजावून दिलं. पाहिलेलं खरं होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला होता.

दोष सापडला की समोरचा हरला, असं समजणंही चूकच. कारण चुकीचं दिलं तरी म्हणणं बरोबर असू शकतं. गच्ची कुणी विकणार नसलं, तरी लिफ्टचा खर्च फुगवलेला असू शकतो. माणसाबद्दलचा प्रश्नही दर वेळी गैरलागू नसतो. कंत्राट सेक्रेटरींच्या भावाला जाणार असेल तर ते विचारायलाच हवं. मात्र त्यावरून कोटेशन नीट तपासावं एवढंच ठरतं, जुनी लिफ्ट धडधाकट आहे असं नाही.

थकबाकीचा टोमणा असाच गैरलागू. मेंटेनन्स न भरणाऱ्याकडून वसुली जरूर करावी, पण त्यामुळे त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. या सभेतही दोनदा खाली बसवलेला तो थकबाकीदार तिसऱ्यांदा उठतो आणि विचारतो, ‘लिफ्टच्या तपासणीचा शेवटचा अहवाल काय म्हणतो?’

गच्चीवर पहिल्यांदाच शांतता पसरते. अहवाल कुणीच वाचलेला नसतो. सेक्रेटरी ऑफिसच्या कपाटाची किल्ली घेऊन तो आणायला खाली जातात. लिफ्टनंच.