एकसष्ट तालमी आणि एक वस्ताद

समजा, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात साठ तालमींचे पैलवान उतरले. प्रत्येक तालमीने आपली पोरं चौरसात उभी केली : चार रांगा, रांगेत चार. सगळे मिळून ९६०. त्यांत एक वस्ताद येऊन मिळाले की ९६१ जणांचा एकच मोठा चौरस होतो, ३१ बाय ३१. तालमी बासष्ट असल्या तरी अडचण नाही. प्रत्येकीचे ६४ पैलवान, वर वस्ताद, एकूण ३९६९. चौरस ६३ बाय ६३.

आता तालमी एकसष्ट घ्या.

इथे प्रत्येक तालमीच्या चौरसात एका रांगेला २२,६१,५३,९८० पैलवान लागतात. याहून लहान चौरसाने काम भागतच नाही. पृथ्वीवरची सगळी कोरडी जमीन मोकळी करून दिली तरी दर चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त पैलवान उभे करावे लागतील! आणि वस्तादांसह होणाऱ्या मोठ्या चौरसाची बाजू असेल १,७६,६३,१९,०४९. या लेखाचा नायक हाच आकडा.

कोडे मुळात माझे नाही. हेन्री ड्युडनी या इंग्रज कोडेकाराने १९१७च्या पुस्तकात ते सॅक्सन सैनिकांवर घातले होते. त्याआधी, १६५७ मध्ये, फर्मा या फ्रेंच गणितीने समकालीनांना जी आव्हाने दिली त्यांतही ६१ होता. पण उत्तर त्याच्या पाचशे वर्षे आधी आपल्याकडे लिहून ठेवलेले होते. साधारण ११५० साली, कोल्हापुरावर शिलाहारांचे राज्य असताना, भास्कराचार्यांनी बीजगणितात ६१चेच उदाहरण सोडवले.

एकेक आकडा घालून पाहायचा म्हटले, तर सेकंदाला एक या वेगाने, झोप न घेता, सात वर्षांहून अधिक लागतील. भास्कराचार्यांची रीत, चक्रवाल, किती आखूड आहे पाहा. आठाचा वर्ग ६४, तो ६१हून ३ने जास्त. चक्राचा एक फेरा दिला की ३९ आणि ५ मिळतात : ३९चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक उणे ४. इथून पुढे ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन उत्तरांच्या गुणाकारातून तिसरे काढण्याची युक्ती, कामाला येते. तिने २९,७१८ आणि ३,८०५ हाती लागतात. फरक उणे १. आता २९,७१८चा वर्ग करा, दुप्पट करा, एक मिळवा. नायक हजर.

या आकड्याला २२,६१,५३,९८०ने भागले तर ६१चे वर्गमूळ जवळजवळ नेमके मिळते. चूक किती? एकाला, एकावर सतरा शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने भागून जे येईल त्याहूनही कमी. अकराने त्याला पूर्ण भागही जातो, पण ती किरकोळ गंमत.

युरोपात या प्रकाराला पेलचे समीकरण म्हणतात. जॉन पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. गणिती ऑयलरने चुकून नाव दिले आणि ते चिकटले. आपल्याकडचे जुने नाव वर्गप्रकृती. तेच वापरावे.

फर्माच्या आव्हानांत १०९ही होता. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांसाठी त्याचे उत्तर देऊन ठेवतो : १०९ तालमी असतील तर मोठ्या चौरसाची बाजू १५,८०,७०,६७,१९,८६,२४९.