फॉरमॅट मारण्याआधी एरर तर वाचा!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या लॅपटॉपचं करायचं काय, हा प्रश्न घरोघरी आला. विंडोज ११ त्यावर चालत नाही आणि नव्या लॅपटॉपचा विषय काढला की घरी सगळे गप्प! अशा वेळी उबुंटू टाकणं हा फुकटातला मस्त उपाय. पहिले काही दिवस झकास जातात. मग एके दिवशी अपडेट मारलं की टर्मिनलवर एररची रांग लागते. ग्रुपवर विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘फॉरमॅट मार रे!’

थांबा मंडळी. प्रोजेक्टच्या फायली त्याच मशीनमध्ये आहेत ना? नव्वद टक्के टेन्शन एरर नीट वाचला की तिथेच उतरतं. त्याआधी ही सगळी भानगड चालते कशी, ते बघू.

कल्याणच्या बाजार समितीतून डोंबिवली-ठाण्याच्या दुकानांत भाजी येते, तसंच लिनक्सचं आहे. सॉफ्टवेअर ज्या कोठारातून येतं त्याला म्हणतात रिपॉझिटरी. ‘सुडो अॅप्ट अपडेट’ म्हणजे कोठारात काय काय आलंय त्याची ताजी यादी आणणं. ‘सुडो अॅप्ट अपग्रेड’ म्हणजे प्रत्यक्ष माल आणणं. कोठारांचे पत्ते तुमच्याच मशीनमध्ये एका फाइलमध्ये लिहिलेले असतात. बहुतेक एरर या पत्त्यांचे, शिक्क्याचे नाहीतर अर्धवट राहिलेल्या कामाचे असतात.

‘कुड नॉट गेट लॉक’ : घाबरू नका. मशीन चालू झाल्यावर उबुंटू मागच्या मागे स्वतःच अपडेट करत असतं. एका वेळी एकच जण कोठारात शिरू शकतो. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल डिलीट करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ : अपडेट चालू असताना लाइट गेली आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. काम अर्धवट राहिलं, एवढंच. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ दिलं की ते पूर्ण होतं. तरीही अडलं तर ‘सुडो अॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. मात्र काय काय काढून टाकणार, ती यादी वाचूनच होकार द्या.

‘४०४ नॉट फाउंड’ : यादी शिळी असेल तर आधी अपडेट करा. तरी येत असेल तर तुमची आवृत्ती तपासा. उबुंटूच्या नावातच तारीख असते, २४.१० म्हणजे ऑक्टोबर २०२४. अशा मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने सपोर्ट मिळतो. नंतर त्यांचा माल जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात आणि तुमचा पत्ता चुकीचा ठरतो. म्हणून अभ्यासाच्या मशीनवर एलटीएस बरी. ती दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं टिकते. २४.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे.

‘नॉट व्हॅलिड येट’ : हा जुन्या लॅपटॉपचा खास आजार. आतला छोटा सेल संपला की घड्याळ मागे जातं. मशीनला वाटतं, यादी भविष्यातून आली! तारीख-वेळ नीट करा, काम झालं.

‘नो पबकी’ : इथे मात्र सावध राहा. मालावरचा शिक्का ओळखीचा नाही, असं मशीन सांगतंय. शिक्क्याची तपासणीच बंद करायचे उपाय सर्रास सांगितले जातात. तसं केलंत तर कुणाचाही माल थेट घरात येईल. ते सॉफ्टवेअर खरंच हवं असेल तर बनवणाऱ्यांच्या अधिकृत पानावरून की घ्या. नको असेल तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून ‘अदर सॉफ्टवेअर’मधली त्या कोठाराची टिक काढा. सर्व्हर स्लो वाटत असेल तर तिथेच ‘डाउनलोड फ्रॉम’मध्ये ‘मेन सर्व्हर’ निवडून बघा.

आणि हो, सगळेच पत्ते एकदम फेल झाले तर आधी नेट बघा. कॉलेजच्या वायफायवर लॉगिन करायचं राहिलं असेल, तरी हेच होतं.

हे सगळं मराठीतून शिकायचंय? पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. त्यात सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर म्हणजे माउसने पॅकेजेस कशी सांभाळायची, तेही दाखवलंय.

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘चालत नाही यार’ एवढंच टाकू नका. आवृत्ती, दिलेली कमांड आणि एररची पूर्ण ओळ टाका. उत्तर पटकन येतं. आणि एक नियम पाळाच. सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट मारायचं नाही!