वॉरंटी नाकारली? आधी जॉबकार्ड काढा

हौसेने घेतलेली वेगवान गाडी सिग्नलवर झटके देऊ लागते, मीटरवर पान्याचं चिन्ह लुकलुकतं आणि चार दिवसांनी सर्व्हिस सेंटरचा फोन येतो : ‘मेकॅट्रॉनिक्स गेलंय, वॉरंटीत बसत नाही.’ दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने गिअर बदलणारे व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक एकाच डब्यात बसवलेले असतात, तो डबा म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. बिल सहज लाखाच्या वर जातं.

अशा वेळी काउंटरवर आवाज चढवून उपयोग नसतो. समोरच्या ॲडव्हायझरच्या हातात निर्णय नसतोच. तो क्लेम कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी कागद बघते. म्हणून आपणही कागदावरच भांडावं.

सुरुवात वॉरंटीच्या पुस्तिकेपासून. त्यात कशाला संरक्षण आहे, कोणते भाग ‘झिजणारे’ मानले आहेत आणि कशामुळे वॉरंटी जाते, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर हे झिजणाऱ्यांत मोडतात. इथेच गफलत होते. बिघाड मेकॅट्रॉनिक्सचा असतो आणि नकार ‘क्लच झिजला’ म्हणून येतो. कोणता पार्ट नाकारला, हे नेमकं विचारावं. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिची कलमं वेगळी असतात, तीही वाचावीत.

मग जॉबकार्ड, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार नोंदवतात तो कागद. त्यावर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘गाडी गरम झाल्यावर, पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना झटका’ असं लक्षण लिहून घ्यावं. तारीख आणि किलोमीटर त्यावर हवेतच. बिघाड कधी होतो, कधी होत नाही अशा वेळी व्हिडिओ कामाला येतो. वॉरंटी संपायला महिना उरलाय आणि तक्रार किरकोळ वाटतेय, तरी नोंदवाच. मुदतीत नोंदलेली तक्रार पुढे आपला सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

तपासणीनंतर स्कॅनरने निघालेले फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, छापून मागावेत.

हा संगणक आपल्याविरुद्धही साक्ष देतो. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं, लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून झेप घेण्याची सोय, किती वेळा वापरली, याची नोंद अनेक स्पोर्ट्स गाड्या ठेवतात. ताकद वाढवण्यासाठी संगणकाचा प्रोग्राम बदलला, ज्याला रिमॅप म्हणतात, तर फोक्सवॅगन समूह त्या गाडीवर ‘टीडी1’ अशी खूण टाकतो. मूळ प्रोग्राम परत टाकला की काही कळत नाही, या मित्रमंडळींच्या खात्रीवर विसंबू नका.

पण नोंद सापडली म्हणजे क्लेम आपोआप बाद, असंही नाही. निसानची जीटी-आर अमेरिकेत आली तेव्हा लाँच कंट्रोलसाठी गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा बंद करावी लागे, आणि ती बंद असताना गिअरबॉक्स तुटला तर कंपनी वॉरंटी नाकारू लागली. सोय आम्हीच द्यायची आणि वापरली म्हणून दोष ग्राहकाचा, यावर तिथे बरंच रण माजलं. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर बदललं. म्हणून आपण विचारावं : बदलाचा किंवा वापराचा या बिघाडाशी संबंध काय? सायलेन्सर बदलला म्हणून काचेची मोटर कशी जळेल? उत्तर लेखी मागावं.

नकारही ईमेलवरच घ्यावा, कलमाच्या क्रमांकासह. तोंडी नकाराला पुढे कोणी विचारत नाही.

सगळ्यात महागात पडणारी घाई यानंतर होते. गाडी अडकून पडलीय म्हणून माणूस बाहेरच्या गॅरेजमधून काम करून घेतो आणि जुना पार्ट भंगारात जातो. पुरावाच गेला! वॉरंटीत बदललेला पार्ट सहसा कंपनीचा होतो, पण क्लेम नाकारलाय आणि पैसे आपण भरतोय, तर जुना पार्ट मागून घ्यावा. त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढावा. दुरुस्तीआधी एखाद्या ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून सहीशिक्क्याचा अहवाल घ्यावा. ओळखीच्या मेकॅनिकची चिठ्ठी ग्राहक आयोगापुढे फारशी टिकत नाही.

कंपनीच्या ग्राहक विभागाने दाद दिली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे निवाडा होत नाही, पण कंपनीला उत्तर देणं भाग पडल्यासारखं होतं.

त्यापुढे ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं, आणि आपण राहतो त्या ठिकाणीही तक्रार करता येते. कुठल्या आयोगाकडे जायचं, हे पार्टच्या बिलावर नव्हे, तर गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं : 50 लाखांपर्यंत जिल्हा, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय. महागड्या स्पोर्ट्स कारचे मालक इथे हमखास चुकतात. गाडी आपल्या स्वतःच्या कंपनीच्या नावावर असेल तरी धीर सोडू नये; संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी तेवढ्यावरून व्यावसायिक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये एका मर्सिडीजच्या प्रकरणात म्हटलं.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करावं, मात्र कोणाची चूक कोणती ते वेगळं मांडावं. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2011 ची नवी म्हणून 2009 ची गाडी विकली गेली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या त्या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही. आणि दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर पार्ट प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. तो जपून ठेवायचा तो यासाठीच.

मागणी करताना हात आखडता घेतलेला बरा. 2006 मध्ये मारुतीच्या सदोष क्लचच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वॉरंटी पार्ट बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. पार्ट, मजुरी, गाडी बंद असतानाचा प्रवासखर्च, हे बिलांसह मागावं.

बरेचदा अधेमधेच कंपनी ‘गुडविल’ देऊ करते, म्हणजे चूक मान्य न करता खर्चाचा काही भाग उचलते. रक्कम ठीक असेल तर घ्यायला हरकत नाही. पण नव्या पार्टला किती महिन्यांची वॉरंटी, हे त्या पत्रात लिहून आल्याखेरीज ‘तक्रार उरली नाही’ या ओळीखाली सही करू नका.