वारसाचा प्रश्न एका कोर्टात सुटत नाही

शेतकरी आत्महत्यांनंतर 2006 मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज दिले. त्यात वर्धा जिल्हा होता. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग जिल्ह्यातल्या वायफडला येऊनही गेले. मागे राहिलेल्या बाईला मात्र आजही पटवारी, बँक, तहसील आणि दिवाणी न्यायालय अशा चकरा माराव्या लागतात. नवरा गेल्यावरचे सगळे प्रश्न कौटुंबिक कायद्यातच सुटतात, हा पहिला गैरसमज. वारसा कायदा हक्क सांगतो. तो पदरात पडतो महसूल, बँक आणि नोंदणीच्या कायद्यांतून.

‘सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे जमीन माझी नाही.’ हे खरे नाही. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेत पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. दिराचे नाव ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागले, तरी तो एकटा मालक होत नाही. पण म्हणून स्वस्थ बसू नये. नाव नसेल तर पीककर्ज आणि पीकविमा अडतो. वारसाची खबर तीन महिन्यांत पटवाऱ्याला द्यावी, असे महसूल संहिता सांगते.

खरी गुंतागुंत शेत सासऱ्याच्या नावावर असते तेव्हा होते, आणि आपल्याकडे ते बहुधा तसेच असते. शेत वडिलोपार्जित असेल तर पतीचा त्यात जन्मापासून हिस्सा असतो. तो हिस्सा सासरा हयात असतानाही पत्नी-मुलांकडे आणि पतीच्या आईकडे येतो. शेत सासऱ्याने स्वतः घेतलेले असेल तर सून आणि नातवंडे त्याच्या मृत्यूनंतरच वारस ठरतात, आणि तो मृत्युपत्राने ते दुसऱ्याला देऊही शकतो. त्यामुळे भांडण सुरू करण्याआधी जुने फेरफार काढावेत. शेत कुठून आले ते तिथे कळते. पुढे वाद झाला तर हिस्सा दिवाणी न्यायालय ठरवते, पण सारा भरणाऱ्या शेताची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. निकाल हातात असूनही ताबा वर्षानुवर्षे रखडतो तो या दोन कचेऱ्यांच्या मध्ये.

‘दुसरे लग्न केले की हिस्सा गेला.’ पतीकडून एकदा मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हे स्पष्ट केले आहे. गावकी काहीही म्हणो.

‘नवऱ्याचे कर्ज आता माझ्या डोक्यावर.’ दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तिच्या स्वतःच्या मजुरीवर ते कर्ज चढत नाही. मात्र शेत गहाण असेल तर तो बोजा शेतावर राहतो, आणि तिने जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. सावकाराने कर्जापोटी शेताचे खरेदीखत करून घेतले असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. हा दरवाजा अनेकांना ठाऊकच नसतो.

बँकेत ‘नॉमिनी’ म्हणून दिराचे नाव असेल तर पैसा दिराचा होतो, हाही गैरसमजच. बँक त्याच्या हाती रक्कम देईल, पण तो ती वारसांसाठी घेतो.

बौद्ध कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू नाही, असेही ऐकू येते. तो त्यांना लागू आहे. जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना मात्र तो आपोआप लागू होत नाही. त्यांच्याबाबत रूढी पाहिली जाते. त्यातही, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांचा समान हिस्सा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात म्हटले.

तेरवी आटोपली की ‘फक्त एक सही’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे केले जाते. ते नोंदवल्यावर मागे फिरणे फार अवघड असते. तेव्हा सही करण्याआधी मृत्यूचा दाखला, सातबारा आणि बँकेचे पासबुक घेऊन वर्धेच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.