केगला घाई चालत नाही

यीस्टचं काम संपलं की भांड्यात उरते ती बिअरच, पण तिच्यात जीव नसतो. आंबताना तयार झालेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. जिभेवर चुरचुर नाही, ग्लासात फेस नाही. तो वायू पुन्हा बिअरमध्ये मुरवणं हा घरी बिअर करण्यातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग.

मी अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला राहतो. जिमी कार्टर यांनी 1978मध्ये सही केलेल्या कायद्याने इथे घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत बनवता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्याहून आलेले मामा गराजमधला फ्रीज उघडताना आधी विचारतात, “अरे, हे चालतं ना इथे?”

फ्रीजमध्ये 19 लिटरचा उभट स्टीलचा केग असतो. हे केग मुळात बिअरसाठी बनलेच नव्हते. कोकाकोला आणि पेप्सीचं सिरप हॉटेलांत पोचवण्यासाठी ते वापरत. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येऊ लागलं, केग स्वस्तात निघाले आणि घरी बिअर करणाऱ्यांनी ते उचलले. पन्नासेक बाटल्या धुणं, प्रत्येकीत साखर घालून बूच लावणं, मग तळाचा गाळ सांभाळत ओतणं, हे सगळं या केगांनी वाचवलं. केगच्या डोक्यावर दोन तोंडं असतात. एकातून वायू आत जातो. दुसऱ्याची नळी थेट तळापर्यंत पोचते आणि वायूच्या दाबानेच बिअर वर चढून नळातून बाहेर येते.

वायू मुरतो तो दाबामुळे आणि थंडीमुळे. दाब जितका जास्त तितका वायू द्रवात जास्त विरघळतो, हे मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी 1803मध्ये मांडलं. द्रव थंड असेल तर तेवढाच वायू कमी दाबात मुरतो. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटरच्या आसपास वायू मुरला की पेल एल प्रकारच्या बिअरला हवी तशी चुरचुर येते. 3 अंश सेल्सिअसच्या फ्रीजमध्ये त्यासाठी दाबाचे 12 पीएसआय पुरतात. 20 अंशांच्या खोलीत 28च्या आसपास लागतात. मी वायूच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर 12वर ठेवतो आणि आठवडा-दोन आठवडे केगला हात लावत नाही.

दाब 30वर नेऊन केग जोरजोरात हलवला तर काम काही मिनिटांत होतं. पण कुठे थांबायचं ते हाताला कळत नाही, आणि वायू जास्त झाला की ग्लासात नुसता फेस. 12वर ठेवलेल्या बिअरमध्ये हवा तेवढाच वायू जातो, पुढे मुरणं आपोआप थांबतं. घाईचा मार्ग मी कुणालाच सुचवत नाही.

यापेक्षाही जपायचं ते प्राणवायूपासून. तो आत राहिला तर हॉप्सच्या फुलांचा सुगंध विझतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून रिकामा केग जंतुनाशक द्रावणाने काठोकाठ भरायचा, ते द्रावण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलायचं आणि मग बिअर तळाच्या नळीतून सावकाश आत सोडायची. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडे दिसले की रबराची रिंग बदलायची. झाकण उघडण्याआधी सगळा दाब सोडायचाच, यात सूट नाही. सिलिंडर उभा आणि बांधलेला हवा, खोली हवेशीर हवी. सिलिंडरमध्ये किती वायू उरलाय ते दाबाच्या काट्यावर कळत नाही, कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जवळपास हलत नाही. म्हणून सिलिंडरच वजनकाट्यावर ठेवायचा.

नळाकडे जाणारी नळी 5 मिलिमीटर व्यासाची आणि तीनेक मीटर लांब ठेवली की बिअर वाटेत दाब गमावत येते आणि ग्लासात शांतपणे उतरते. आखूड नळीतून ती फेसाळत उसळते.

असा भरलेला केग थंडीत महिनोन्‌महिने टिकतो, पण सगळ्या बिअर सारख्या नसतात. हॉप्सवाली आयपीए मी दीड-दोन महिन्यांत संपवतो, कारण तिचा वास रोज थोडा उतरत असतो. कडक, काळी इंपीरियल स्टाउट मात्र मागच्या कोपऱ्यात ठेवून देतो; ती वर्षभराने जास्त मऊ लागते.