लागोसचा गिझदोदो, वसईची राजेळी

परमुलखातल्या चुली : लेखांक ११

लागोसमध्ये शनिवार हा समारंभांचा वार. लग्न, बारसं, साठी, इतकंच काय, पिकल्या वयात गेलेल्या आजोबांचं उत्तरकार्यही तिथे मंडप घालून, वाजतगाजत होतं. योरुबा लोक अशा थाटाच्या समारंभाला ‘ओवांबे’ म्हणतात. यजमानांचे सगेसोयरे त्या दिवसासाठी एकाच कापडाचे कपडे शिवतात, त्याला ‘आसो एबी’ असं नाव आहे. पाहुणे स्थानापन्न झाले की मुख्य जेवणाआधी छोट्या खाण्याची तबकं फिरू लागतात. त्यात गोल तळलेले पफ-पफ असतात, स्प्रिंग रोल असतात आणि आपला सामोसाही असतो. नायजेरियाने त्याला केव्हाच घरचा करून घेतला आहे. याच तबकांत, नाहीतर जोलोफ भाताच्या शेजारी, आजचा आपला पदार्थ भेटतो. कोंबडीचे पेटे आणि पिकल्या केळ्याच्या तळलेल्या फोडी, लाल मिरचीच्या दाट मसाल्यात घोळवलेल्या. योरुबात पिकलं केळं तळलं की ते ‘दोदो’. त्याला ‘गिझार्ड’मधला ‘गिझ’ जोडला आणि गिझदोदो झाला.

गेल्या आठवड्यात जोलोफ भात केला असेल त्यांना यातला लाल मसाला ओळखीचा वाटेल. नवीन आहे ती जोडी. पेट्याला तास-दीड तासाची निगुती लागते, तर पिकलं केळं कढईत पाच मिनिटांत तयार होतं आणि सहाव्या मिनिटाला बिघडू लागतं. ही दोघं सुरुवातीपासून एका भांड्यात शिजूच शकत नाहीत. गिझदोदो करणं म्हणजे दोघांना आपापल्या वेळेने तयार करून अगदी शेवटी एकत्र आणणं. ज्याला हे पटलं त्याला कृती पाठ करावी लागत नाही.

पेट्यापासून सुरुवात करू. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याजवळच्या पिशवीत साठतो, मग पाचक रस घेऊन पेट्यात उतरतो आणि तिथे भरडला जातो. अंगणातली कोंबडी दाण्यांबरोबर बारीक खडे गिळते ते याचसाठी. पेट्याचे जाड स्नायू त्या खड्यांच्या मदतीने दाणा रगडतात. जन्मभर काम करणाऱ्या स्नायूचा रंग गडद होतो आणि पोत चिवट. त्यात भरपूर कोलॅजेन असतं. मोठ्या आचेवर झटपट परतलं तर ते आवळून बसतं आणि पेटा रबरासारखा होतो. मंद उकळीत बराच वेळ ठेवलं तर तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं आणि पेटा मऊ पडतो. तरीही त्याची ती किंचित करकरीत चावण कायम राहते. पेट्याची खरी मजा तिच्यातच आहे.

आपल्याकडे कलेजी-पेटा घरोघर होतो, पण पेट्याकडे कलेजीइतकं लक्ष कुणी देत नाही. दुकानात तो स्वस्त मिळतो, कधी कोंबडीबरोबर असाच टाकून देतात. नायजेरियात त्याला मान आहे. विशेषतः इग्बो घरांत कोंबडी शिजली की पेटा कर्त्या पुरुषाच्या ताटात जायचा, असा जुना रिवाज. एका कोंबडीत पेटा एकच, त्यामुळे तो कुणाचा यावर घरात वाद नसे. बायकामुलांनी त्याला हात लावायचा नाही, हे ठरलेलं. आजच्या नायजेरियन स्त्रिया या रिवाजाबद्दल मोकळेपणाने आणि ठणकावून बोलतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या हातांनी कोंबडी सोलली, साफ केली, शिजवली, त्या हातांना तिच्यातला सर्वांत आवडता घास वर्ज्य का असावा? पोल्ट्रीचा धंदा वाढला आणि नुसते पेटे किलोच्या हिशोबाने, गोठवलेल्या पाकिटांत मिळू लागले, तेव्हा कुठे परातभर पेटे एकदम शिजवणं शक्य झालं. परदेशी गोठवलेल्या कोंबडीवर नायजेरियाने या शतकाच्या सुरुवातीलाच बंदी घातली आहे, तरी शेजारच्या बेनिनमधून ती चोरवाटेने येतच राहते. इतकी या मालाला मागणी. मला गिझदोदो आवडतो त्यामागे हेही एक कारण आहे. एका माणसासाठी राखून ठेवलेला घास इथे तबकातून सगळ्यांपुढे येतो.

आता केळं. इथे सर्वांत जास्त काळजी घ्या, कारण बाजारात डझनाने मिळणारं नेहमीचं केळं या कामाचं नाही. जळगावचं केळं नुसतं खायला उत्तम, पण पिकलं की त्यातला बहुतेक सगळा स्टार्च साखर होऊन जातो. गरम तेलात ते विरघळल्यासारखं होतं. भाजीवाल्याकडची कच्ची केळीही नकोत, त्यांना गोडी नाही. पश्चिम आफ्रिकेतलं हे केळं म्हणजे प्लँटेन. लांब, कोनदार, जाड सालीचं. पिकल्यावरही त्यात पुरेसा स्टार्च राहतो. म्हणूनच ते तळणीत आकार धरून ठेवतं आणि त्याच वेळी कडा साखरेमुळे तांबूस होतात.

केळ्याचं मूळ घर आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचं. आफ्रिकेत ते युरोपीय जहाजं येण्याच्या कितीतरी आधी पोचलं, आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या दमट पट्ट्यात या एका प्रकाराच्या शंभराहून जास्त जाती तयार झाल्या. दक्षिण नायजेरियात त्याची मोठी बागायत क्वचितच दिसते. बरंचसं पीक घरामागच्या परसातून येतं. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि चुलीतली राख तिथे पडते, त्यावर ती बेटं वर्षानुवर्षं वाढतात. कोकणात मोरीच्या पाण्यावर केळ वाढवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १९८०च्या दशकात ब्लॅक सिगाटोका नावाचा पानांवरचा बुरशीरोग तिकडे शिरला आणि या परसातल्या केळींची पानं करपू लागली. १९६७ साली इबादानला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने पोर्ट हार्कोर्टजवळच्या ओन्ने इथल्या केंद्रात त्याला दाद न देणारे संकर तयार केले. प्लँटेनचं बी धरणं अत्यंत अवघड असताना त्या शास्त्रज्ञांनी हे काम केलं. आपल्या केळी संशोधकांनी त्याचा अभ्यास जरूर करावा.

आपल्याकडे प्लँटेन कुठून आणायचं, हा प्रश्न पडला असेल तर उत्तर वसईत आहे. वसई पट्ट्यातली आणि कोकणातली राजेळी त्याच कुळातली. जी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात, तीच. केरळात तिला नेंद्रन म्हणतात, आणि मुंबई-पुण्यातल्या मल्याळी दुकानांत नेंद्रन बारमाही मिळते. दोन्ही चालतील. पिकण्याची अवस्था मात्र नीट पाहून घ्या. साल पूर्ण पिवळी, तिच्यावर काळे ठिपके आणि पट्टे उमटलेले, बोटाने दाबलं तर थोडं दबणारं. हिरवी घेतली तर फोडी पिठूळ लागतात. साल पुरती काळी झाली असेल तर केळं फार तेल पितं आणि ढवळताना मोडतं. ते बाजूला ठेवून नुसत्या चकत्या तळून खा. घाना देशात आलं-मिरची लावून तळलेलं ‘केलेवेले’ आणि आयव्हरी कोस्टमधलं ‘आलोको’ ही याच पिकल्या केळ्याची भावंडं. कॅमेरूनमध्ये कोंबडी, गाजर आणि तळलेलं प्लँटेन घालून ‘पुले देजे’ करतात, म्हणजे डायरेक्टर जनरलची कोंबडी. त्या सर्वांवर पुढे स्वतंत्रपणे लिहायचं आहे.

मसाल्याचा पाया तिथे ठरलेला आहे. ‘ताताशे’ ही मोठी लाल, कमी तिखट मिरची रंग आणि दाटपणा देते. ‘आता रोदो’ म्हणजे स्कॉच बॉनेट ही छोटी, फुगीर मिरची तिखट आणि सुगंध देते. सोबत कांदा, थोडा टोमॅटो. ताताशेच्या जागी लाल ढोबळी मिरची घ्या. आता रोदोची जागा भरणं अवघड आहे, कारण तिचा फळासारखा वास आपल्या कुठल्याच रोजच्या मिरचीला नाही. मोठ्या दुकानांत हबानेरो मिळाली तर ती घ्या. नाहीतर दोन-तीन लाल लवंगी मिरच्या, आणि सुगंधाची कमतरता मान्य करायची. करी पावडर तिथे ब्रिटिश राजवटीत रुजली आणि आता तिच्याशिवाय नायजेरियन स्वयंपाकघराचं पान हलत नाही. हळद, धणे, मेथी यांची ती सौम्य पिवळी पूड असते. आपला गोडा किंवा कांदा-लसूण मसाला इथे कृपा करून घालू नका, पदार्थ दुसरीकडेच जाईल. थाइम मात्र हवंच. ते नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोघांच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे. ओव्यात त्याचं प्रमाण जास्त, म्हणून हात आखडता ठेवा.

चार माणसांसाठी अर्धा किलो पेटे लागतील. दुकानदार ते चिरून साफ करून देतो, तरी घरी एकेक उघडून पाहा. आत पिवळसर हिरवं, सुरकुतलेलं, चामड्यासारखं अस्तर असतं. नखाने त्याची एक कड सुटी केली की ते सालीसारखं निघून येतं. घडीत अडकलेला छोटा तुकडा हमखास नजरेतून सुटतो आणि मग दाताखाली कडू लागतो; कधी त्याच्याबरोबर वाळूचा कणही निघतो. मीठ आणि लिंबू चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि प्रत्येकाचे दोन किंवा तीन तुकडे करा. पातेल्यात चिरलेला कांदा, अर्धा चमचा करी पावडर, थोडं थाइम, मीठ आणि जेमतेम बुडेल इतकं पाणी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर पाऊण तास तरी लागेल. कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर आच बारीक करून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नायजेरियात यात मसाल्याची वडी कुस्करतात. घातली तर मीठ कमी करा. काट्याचं टोक सहज आत गेलं की पेटे गाळून घ्या. खालचं पाणी ओतू नका, सगळी चव तिथेच उतरलेली असते.

पेटे निथळत ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्या. ओले पेटे गरम तेलात जोरात तडतडतात आणि हातावर तेल उडतं, म्हणून तळताना कढईवर जाळीचं झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांत कडा खरपूस होतात, तेवढंच पुरे. त्याहून जास्त तळाल तर तासाभराची मेहनत वाया जाऊन ते पुन्हा आक्रसतील.

एकीकडे दोन लाल ढोबळ्या मिरच्या, दोन टोमॅटो, अर्धा कांदा आणि तिखट मिरची जाडसर वाटून घ्या. कढईत तीन-चार मोठे चमचे तेल ठेवून उरलेला अर्धा कांदा परता आणि हे वाटण ओता. आता घाई करायची नाही. वाटणातलं पाणी आटेपर्यंत त्याला कच्चा, आंबूस वास असतो. दहा-बारा मिनिटांनी उकळीचा आवाज बदलतो, बुडबुडे जाड आणि संथ होतात, रंग विटकरीकडे झुकतो आणि कडेने तेल सुटतं. तेल सुटलं म्हणजे काय, हे मराठी स्वयंपाकघराला सांगावं लागत नाही. मग अर्धा चमचा करी पावडर, थाइम आणि पेट्यांचं पाणी लागेल तसं पळीपळीने घाला. तळलेले पेटे टाकून पाच मिनिटं मुरू द्या. मसाला पेट्यांना लपेटून राहील इतकाच ओला हवा, वाटीत वाढायचा रस्सा नको.

केळी आधी चिरून ठेवू नका. मसाला मुरत असतानाच दोन मोठ्या राजेळ्यांची दोन्ही टोकं कापा, सालीला उभा छेद द्या, सोला आणि पाऊण इंचाच्या चौकोनी फोडी करा. चिमूटभर मीठ लावून मध्यम तापलेल्या तेलात थोड्या थोड्या तळा. कढईत गर्दी केली की तेल थंड होतं आणि फोडी ते पिऊन बसतात. सगळ्या बाजूंनी सोनेरी, कडांना तांबूस झाल्या की काढा. मसाल्यात हिरव्या ढोबळीचे आणि कांद्याचे चौकोनी तुकडे घालून एक मिनिट परता, मग केळ्याच्या फोडी घालून उलथन्याने खालून वर, दोनदाच हलवा आणि गॅस बंद करा. पहिल्या घासात तिखट, मग केळ्याची गोडी, मग पेट्याची करकर, हा क्रम ताज्या गिझदोदोतच सापडतो. पाहुणे उशिरा येणार असतील तर पेटे मसाल्यात तयार ठेवा आणि केळी ते आल्यावर तळा. फोडी तासभर मसाल्यात पडून राहिल्या की त्यांचा लगदा होतो आणि मग त्यावर इलाज नाही.

साध्या भाताबरोबर, गेल्या आठवड्यातल्या जोलोफबरोबर किंवा टूथपिकला एक पेटा, एक फोड, एक ढोबळीचा तुकडा असं लावून वाढता येईल. पेट्यात चरबी अगदी कमी आणि प्रथिनं भरपूर असली तरी कोलेस्टेरॉल आणि प्युरिन दोन्ही चांगलंच असतं, तेव्हा युरिक अ‍ॅसिडचा त्रास असणाऱ्यांनी चवीपुरतं घ्यावं.

राजेळीबद्दल एक विनंती. वसईत इमारती वाढल्या तशा केळीच्या वाड्या कमी झाल्या आणि राजेळीचं गिऱ्हाईकही आटत गेलं. सुकेळी करणारे मोजके उरले आहेत. बाजारात गेलात तर वसईहून किंवा कोकणातून माल आणणाऱ्या बाईकडे राजेळी नावाने मागा. आज नसेल तर पुढच्या खेपेला आणायला सांगा. मागणी दिसली तर ती आणेल.

पुढच्या आठवड्यात घानाचं केलेवेले. त्यासाठी दोन राजेळ्या साल काळी होईपर्यंत पिकत ठेवा.